कोलूभाऊ उपासनेला नव्हता

मी, रंभा पोचू हिचामी, वय बहात्तर, धर्माने ख्रिस्ती, राहणार तालुका एटापल्ली, जिल्हा गडचिरोली, हा कागद माझ्या स्वतःच्या हाताने लिहिते कारण की, माझ्या माघारी कोणाला काय द्यायचे हे माझ्याशिवाय कोणी ठरवू नये. माझे डोके ठिकाणावर आहे. डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यापासून मला अंगणातून रस्त्यावरचा माणूस ओळखू येतो, आणि तो माझ्या घराकडे किती वेळ पाहतो तेही कळते. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणू पाहणारे आहेत, त्यांची नावे योग्य जागी येतील.

एटापल्लीला तहसील कचेरीसमोर बसणारे अर्जनवीस गुणवंतराव यांचा मी फक्त सल्ला घेतला. लेखणी त्यांच्या हाती दिली नाही. अठ्ठावीस वर्षे मी अंगणवाडीचे रजिस्टर लिहिले आणि त्याहून जास्त वर्षे आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेची आणि संडे स्कूलची हजेरी घेतली. लिहिलेल्या कागदातला एक शब्द गाळला की काय होते, हे मला चांगले माहीत आहे. ते कलम पाचमध्ये येईल.

कलम एक. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या अंगठ्याचा ठसा असलेला कागद कोणी पुढे केला तर तो खोटा समजावा. मला सही येते.

कलम दोन. राहते घर, मागची पडवी आणि विहिरीतला हिस्सा माझा मुलगा आदेश यास देते. आदेशने दिवाळीत टेप लावून अंगण मोजले. विचारल्यावर नळाची पाइप टाकायची आहे म्हणाला. नळ अजून आलेला नाही. सून पुनम जानेवारीपासून मला रोज आंघोळीला ऊन पाणी काढून देते. यात वाईट काही नाही, पण लग्नाला सोळा वर्षे झाली, आधीच्या पंधरा हिवाळ्यांत मला थंडी वाजत नव्हती काय, एवढेच माझे म्हणणे आहे. तरी घर त्यांनाच देते, कारण दुसरे कोणी नाही, आणि पुनमच्या हातचा भात मला आवडतो. पितळी घागर पुनमची. खिडकीची खोली माझी नात दीपाली हिची, तिचे लग्न होईपर्यंत तिथे धानाची पोती ठेवू नयेत.

कलम तीन. रस्त्याकडचा शेताचा तुकडाही आदेशचाच. आमचे सध्याचे पाळक गेल्या पावसाळ्यापासून मला चार वेळा भेटायला आले, चारही वेळा सफरचंदे घेऊन. प्रार्थनाघरासाठी रस्त्याकडची जागा किती बरी पडेल, हे त्यांनी चारही वेळा सांगितले. माणूस वाईट नाही, आवाज गोड आहे. मंडळीला मी जमीन देत नाही. मंडळीला एक वही देते, आणि ती वही त्यांना जमिनीपेक्षा जड होईल.

कलम चार. माझ्या यजमानांची कुऱ्हाड आणि लाकूड तासायचा वसुला आदेशने वापरावा, कोणाला उसना देऊ नये. मोह वेचायच्या तीन टोपल्या, सूप आणि विळा दीपालीला. माझा चष्मा तालुक्याच्या दवाखान्यात द्यावा. कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक लाल लुगडे आहे, ते मला नेसवावे. त्यावर पुनमच्या बहिणीचा डोळा आहे.

कलम पाच. आता झाड.

माझे शेत आणि शेजारचे कोलू नरोटे यांचे शेत यांच्या मधल्या बांधावर मोहाची दोन झाडे आहेत. विहिरीकडचे कोलूभाऊचे, नाल्याकडचे माझे. आमच्याकडे कोणते झाड कोणाचे हे गावाला पाठ असते, त्याला सातबारा लागत नाही. मोहफूल पडायला लागायच्या आधी ज्याने त्याने आपापल्या झाडाखालचा पालापाचोळा जाळायचा, म्हणजे पहाटे पडलेली फुले स्वच्छ जमिनीवरून वेचता येतात. जाळल्यावर हिरव्या डहाळीने कडेची आग झोडपायची आणि राख थंड होईपर्यंत तिथेच बसायचे. हे आमच्याकडे लहान पोरीलाही शिकवतात.

सन १९९४, मार्च महिन्याची सत्तावीस तारीख, झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा. आदल्या दिवशी माझ्या झाडाखाली दहाबारा फुले पडलेली दिसली आणि पाला तसाच होता. त्या वेळचे आमचे पाळक फार कडक. रविवारी काम करणाऱ्या बाईला ते उपासनेत मागे उभे करत. मी तर संडे स्कूलची बाई, मुलांच्या मिरवणुकीच्या पुढे चालणारी. म्हणून मी उजाडायच्या आत, कोणी पाहणार नाही असे, जाऊन पाला पेटवला. जाळ खाली बसताच निघाले. कडा झोडपल्या नाहीत, राखेजवळ बसले नाही, कारण बसले असते तर कोणीतरी पाहिले असते. घरी येऊन हात तीनदा धुतले आणि पांढरे लुगडे नेसले.

दहाच्या सुमारास वारा सुटला. आम्ही सगळे शिंदीच्या झावळ्या हलवत गाणे म्हणत प्रार्थनाघरातून बाहेर निघालो, तर नाल्याकडे धूर. आग बांधावरून कोलूभाऊच्या झोपडीवर गेली, तिथून प्रार्थनाघराच्या गवती छपरावर, आणि पुढे जंगलात. माणूस कोणी मेले नाही.

कोलूभाऊ आमच्याच मंडळीतला. उन्हाळ्यात तो वनखात्याकडे रोजंदारीवर जाळरेषा, म्हणजे आग अडवायचे मोकळे पट्टे, साफ करायचा आणि आगीवर नजर ठेवायचा. धूर पाहून तो जंगलातून धावत आला आणि एकटा डहाळीने आग झोडपत राहिला. आम्ही पोहोचलो तेव्हा तो काळाठिक्कर, आजूबाजूला आग, आणि उजव्या हाताची कातडी लोंबत होती. पुढे त्या हाताची तीन बोटे एकमेकांना चिकटून गेली.

पाळकांनी सगळ्यांसमोर विचारले, आज उपासनेला कोण नव्हते? हजेरीची वही माझ्या हातात होती. जो देवाच्या घरात होता त्याने आग लावली नाही, एवढा सरळ हिशोब आम्ही सगळ्यांनी मनात करून टाकला होता. मी म्हटले, "कोलूभाऊ उपासनेला नव्हता."

वाचणाऱ्याने लक्षात घ्यावे की यात एक शब्द खोटा नाही. वहीत मीच सकाळी लिहिले होते, "कोलू नरोटे, गैरहजर, जंगलात कामावर." मी पहिला भाग वाचला. पुढचा वाचला नाही. दुपारी घरी आल्यावर पुढच्या दोन शब्दांवर शाईने गिरगटले.

कोलूभाऊ एवढेच म्हणाला, "माह्या झाडाखालचा पाला मी दोन दिस आधीच जाळला, बाई. राख पाहून घ्या." राख पाहायला कोणी गेले नाही. तो मात्र पाहून आला होता. ताजी राख कोणत्या झाडाखाली आहे हे त्याला ठाऊक होते, कारण त्याने माझ्याकडे पाहिले आणि मग खाली पाहिले. त्याने माझे नाव का घेतले नाही, हे मला एकतीस वर्षांत कळलेले नाही. पहिली काही वर्षे माझी खात्री होती की तो योग्य वेळ पाहून घेईल. तो वेळ न पाहताच २०११ साली वारला. माझ्या यजमानांना ठाऊक होते असा मला संशय आहे. त्या वर्षानंतर ते त्या झाडाखाली कधी आले नाहीत, आणि मी कधी विचारले नाही.

कोलूभाऊचे वनखात्याचे काम गेले. मंडळीने त्याला वर्षभर प्रभुभोजनातून बाहेर ठेवले, मग तो आलाच नाही. पाळकांनी पुढच्या रविवारी शास्त्राच्या जुन्या भागातले ते वचन घेतले, की देव बापाच्या अपराधाचा झाडा मुलांकडून घेतो, तिसऱ्या चौथ्या पिढीपर्यंत. त्याचा मुलगा जंगू तेव्हा अकरा वर्षांचा, मंडळीच्या चिठ्ठीवर वसतिगृहात राहून शिकत होता. ती चिठ्ठी पुढच्या वर्षी दिली गेली नाही. चिठ्ठ्या मीच लिहीत असे. जंगू शाळा सोडून मोहर्लीला गेला, पर्यटकांच्या जिप्सी धुवायला लागला, आता चालवतो. त्याची बायको आणि मुलगी दिव्यानी इथेच राहतात. दिव्यानी बारावी झाली. गेल्या वर्षी तिने अंगणवाडीत मदतनीस म्हणून अर्ज केला, तेव्हा निवड करणाऱ्यांपैकी एक बाई मला विचारायला घरी आल्या. मी त्यांना चहा दिला आणि म्हटले, "पोरगी बरी हाय, पण घराणं पाहून घ्या." तेही कोणाला खोटे म्हणता येणार नाही. जागा दुसरीला मिळाली.

हे सगळे मी पोटात ठेवूनच मेले असते. पण दीपाली आहे.

दीपाली आठ वर्षांची. तिच्या उजव्या तळहातावर जन्मापासून लालसर डाग आहे, भाजल्यासारखा. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी जन्मखूण म्हणून सांगितले आणि हसले. ते हसले म्हणूनच माझा विश्वास बसला नाही. काडी मी उजव्या हाताने ओढली होती. कोलूभाऊचा उजवाच हात गेला. देवाने पावती फाडली ती माझ्या नातीच्या हातावर, असे मी आठ वर्षे समजून आहे, आणि सुईणीने तिला माझ्या मांडीवर दिले त्या दिवसापासून मला ताप नसताना थंडी वाजते.

गेल्या महिन्यात ती संडे स्कूलमधून आली ती मूठ मिटूनच. संडे स्कूल आता दुसरी मुलगी घेते, पण तिला शिकवले मीच. तिसऱ्या चौथ्या पिढीचा धडा मी वर्षानुवर्षे घेतला, वर आगीची गोष्टही सांगायची, कोलूभाऊचे नाव न घेता, म्हणजे सगळ्यांना कळेल असे. कोणीतरी पोराने दीपालीला म्हटले की तुझा हात पापाचा आहे. ती मला म्हणाली, "आजी, माह्या हातानं काय केलं होतं?"

मी म्हटले, "काई नाई."

"मंग कोणं केलं?"

मी तिला गूळ दिला. तिने तो डाव्या हाताने घेतला.

तेव्हा मी पाळकांकडे स्वतः गेले, सफरचंदांची वाट पाहिली नाही. नाव न घेता विचारले. ते म्हणाले, "रंभाबाई, शिष्य बी हेच विचारून राह्यले होते. तो जन्माचा आंधळा होता ना, त्याले पाहून म्हणे, पाप कोणाचं, याचं का मायबापाचं? प्रभूनं दोघाइले बी सोडलं." मी म्हटले, शिष्यांनी आजीबद्दल विचारले नाही. मग त्यांनी संदेष्ट्याचे वचन दाखवले, की जो पाप करील त्यानेच भरावे, मुलाने बापाचा दोष वाहू नये. मी घरी येऊन दोन्ही जागा समोरासमोर ठेवून वाचल्या. गुणवंतरावांना विचारले की एकाच मालकाचे दोन उलटसुलट कागद निघाले तर? ते म्हणाले, नंतरचा धरायचा. पण माझ्यासारख्या बाईला सोयीचा कागद खरा वाटावा, याचाच मला संशय येतो.

आठ दिवस मी भात नीट खाल्ला नाही. मग एका सकाळी बांधावर बसले असताना, पोरांना हजेरीला मोजायची तसे बोटांवर मोजले. कोलू, जंगू, दिव्यानी. पहिली, दुसरी, तिसरी पिढी. काम गेले, शाळा गेली, नोकरी गेली. आणि माझ्याकडे? आदेशला घर आहे, शेत आहे, त्याची शाळा पूर्ण झाली. दीपालीच्या हातावर एक डाग आहे, जो दुखत नाही. माझे पाप पिढ्या उतरत गेले, पण माझ्या घरात नाही, शेजारच्या घरात. ते देवाने नेले नाही. चिठ्ठी न लिहून आणि चहा पाजून मीच नेले. देवावर मी आठ वर्षे उगाच संशय घेतला. हे लिहिताना मला रडू येत आहे आणि कागदावर डाग पडला तर तो त्याचा समजावा.

म्हणून, नाल्याकडचे मोहाचे झाड, फुलांसह, बियांसह, आणि त्याखालची सावली पडते तेवढी जमीन, मी जंगू कोलू नरोटे यास देते. आदेशने हरकत घेऊ नये. घेणार हे मला माहीत आहे.

कलम सहा. १९९४ ची हजेरीची वही माझ्या पेटीत लुगड्यांखाली आहे. ती मंडळीला देते. माझ्या मरणानंतरच्या पहिल्या रविवारी हे कलम पाच उपासनेत मोठ्याने वाचावे, आणि वहीचे ते पान सगळ्यांना दाखवावे. तोवर वही कोणी मागू नये. आदेश आणि पुनम हा कागद दाबून ठेवतील असा मला संशय असल्याने एक प्रत गुणवंतरावांकडे राहील.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी.

साक्षीदार म्हणून गुणवंतराव आणि आमच्या गावचे गुरुजी ठरले होते. गुणवंतराव मोटारसायकलवर आले. गुरुजी आले नाहीत. काल पाळक त्यांच्याकडे बसलेले मला दिसले होते, यावरून काय समजायचे ते समजावे.

जंगूला मी मोहर्लीहून बोलावून घेतले होते, झाडाचे त्याला माझ्या तोंडून कळावे म्हणून. त्याने अंगणातल्या दगडावर बसून सगळे दोनदा वाचले. तो कागद घडी करून खिशात घालतो की काय, हे मी पाहत होते. त्याने वही मागितली. मी पान उघडून दिले. त्याने ते उन्हाकडे धरले. पेन मी तेव्हा दाबून लिहीत असे, त्यामुळे गिरगटलेल्या शाईच्या मागून अक्षरे दिसतात. त्याने ती मोठ्याने वाचली, "जंगलात कामावर." बेचाळीस वर्षांचा माणूस, माझ्यासमोर रडला, आणि मला त्याच्या जवळ जाता येईना.

नंतर तो म्हणाला, "दुसरा साक्षीदार नाई ना? मी करतो सही."

गुणवंतराव म्हणाले, "जंगू, सही करू नको. तुमच्या ख्रिस्ती लोकाइत साक्षीदाराले त्याच कागदातून काई भेटत नाई. तुह्यं झाड जाईन."

"मले झाड नाई पायजे. झाड घेतलं तं लोक म्हणतीन, जंगूनं झाडासाठी बुढीकडून लिहून घेतलं. माह्या बापाच्या वेळेस साक्षीले कोणीच नव्हतं."

मला वाटले, हा मला ऋणात ठेवायला नाही म्हणतो आहे. तसे मी बोलूनही दाखवले. तो म्हणाला, "तुमचं काय करायचं ते तुमचं तुमी पाहा, बाई. पण हे मेल्यावर काऊन वाचायचं? उद्या रविवार हाय. झावळ्याइचा."

मेल्यानंतर वाचले की मला कोणाचे तोंड पाहावे लागणार नाही, हे मी कलम सहा लिहितानाच ठरवले होते, आणि ते त्याने ओळखले. माझ्याएवढा संशयी माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. ते त्याला माझ्यामुळेच आले असणार.

तेव्हा खालील बदल करते.

कलम सहा रद्द. उद्या, दिनांक १३ एप्रिल रोजी, उपासनेत कलम पाच मी स्वतः उभी राहून वाचीन, आणि वही स्वतः दाखवीन. दीपाली पुढच्या बाकावर बसलेली असावी. उद्या सकाळी माझी तब्येत बिघडली असे कोणी म्हटले, मी स्वतः म्हटले तरी, ते खोटे समजावे आणि मला खाटेसकट न्यावे.

कलम पाचमधले झाड जंगू घेत नाही. म्हणून ते त्याची मुलगी दिव्यानी जंगू नरोटे हिला देते. साक्षीदाराच्या मुलीला चालते, असे गुणवंतराव म्हणाले. जंगूने याला मान हलवून नाही म्हटले आहे. पण बापाचे नाही मुलीला लागू होत नाही. तिला नको असेल तर तिने स्वतः सांगावे. आणि उद्याच्या वाचनानंतर मी त्या निवड करणाऱ्या बाईंकडे जाऊन घराण्याबद्दलचे माझे वाक्य पुरे करून येईन. जागा भरली असली तरी जाईन.

वरील सर्व मी वाचून पाहिले, एकही शब्द गाळलेला नाही. ज्याला मोजायचे असतील त्याने मोजावेत. दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आणि मी त्यांना.

ठिकाण: माझे घर, तालुका एटापल्ली, जिल्हा गडचिरोली.
दिनांक: १२ एप्रिल २०२५, शनिवार.

सही: रंभा पोचू हिचामी

साक्षीदार
१. गुणवंतराव, अर्जनवीस, एटापल्ली
२. जंगू कोलू नरोटे, मोहर्ली. कोलू नरोटे जंगलात कामावर होते, त्यांचा मुलगा.

(दुसऱ्या साक्षीदाराने नावापुढे जे लिहिले ते त्याने स्वतःहून लिहिले आहे. मी सांगितलेले नाही, आणि ते खोडायचे नाही. रं. हि.)